खारवण्याच्या पाण्याची नोंद

सव्वीस वर्षं मी समुद्राचं पाणी किती स्वच्छ आहे ते लिहीत होते, आणि तेही नागपुरात बसून. कुणाला सांगितलं की तो आधी हसतो. हसण्यासारखंच आहे ते. खिडकीला वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर तासातासानं पाणी मारणारा शिपाई, बाहेर मे महिन्याची झळ, आणि आत मी खारवण्याच्या बंदरावर अमुक दिवशी पाणी कसं होतं याचे आकडे मांडते आहे.

आमची प्रयोगशाळा पाण्याची होती. नदी, तलाव, विहीर, नळ, गटार, सगळं पाणी तिच्या पोटात यायचं. मी बी.एस्सी. होऊन पासष्ट साली तिथं गणन सहायक म्हणून लागले. आमच्या घरात कचेरीच्या खुर्चीवर बसणारी मी पहिली. छप्पनच्या साली बाबांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतर बाबांनी एकच हट्ट धरला, की पोरगी शिकली पाहिजे. ते कापडगिरणीत होते. आई घरी विड्या वळायची.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आईनं विचारलं, "समुद्राचं पानी गढूळ हाय का साजरं हाय, थे इथं बसून तुले कसं समजते वं?"

"तिकडचे लोक मोजून लिहितात, माय. मी फक्त जुळवते."

"अन् थ्यायनं खोटं लिहिलं तं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढं कळलं, की मला पगार मिळतो तो याच प्रश्नासाठी.

ते मोजणं अगदी साधं आहे. जेवणाच्या ताटाएवढी एक पांढरी थाळी असते, मधोमध भोक, खाली वजन. होडीच्या सावलीच्या बाजूनं ती दोरानं पाण्यात सोडायची. खाली जाता जाता ती पुसट होते आणि एका क्षणी दिसेनाशी होते. तिथं दोर धरायचा. मग हळूहळू वर ओढायची. पुन्हा दिसू लागली की परत दोर धरायचा. या दोन मापांची सरासरी म्हणजे त्या दिवशीच्या पाण्याचा आकडा. पाणी नितळ असेल तर थाळी खोलवर दिसते, गढूळ असेल तर हातभरावरच नाहीशी होते. यात यंत्र नाही. यंत्र म्हणायचं तर माणसाचा डोळा.

त्यामुळे एका आकड्यामागं दहा भानगडी. ऊन होतं की ढग? भरती होती की ओहोटी? थाळीचा रंग पिवळा पडलाय का? दोर भिजून आखडलाय का? डोळे कुणाचे, आणि त्यांचं वय काय? एका दिवसाच्या आकड्यात हे सगळं खपून जातं. पण पंचवीस-तीस वर्षांचे आकडे ओळीनं मांडून 'इथलं पाणी बिघडत चाललंय' असं म्हणायचं असेल, तर आधी पाणी बिघडलं की दोर बिघडला, ते सांगता आलं पाहिजे. कोकणातल्या आठ-दहा बंदरांची जुनी रजिस्टरं पेटाऱ्यात भरून नागपूरला आली होती. ती तपासायचं काम माझं.

पहिल्याच वर्षी मी स्वतः तोंडावर आपटले. एका खाडीचे आकडे मी मीटर समजून मांडले. ते फूट होते. आमचे प्रमुख पुराणिक साहेब तक्ता बघून म्हणाले, "रामटेके बाई, एवढं नितळ पाणी या खाडीत असतं तर तिथं राजेलोकांनी महाल बांधले असते." तेव्हापासून कुठलंही रजिस्टर हातात आलं की मी आकड्याआधी माप बघायला शिकले.

खोटं लिहिणारे पण भेटले. एका बंदराचं रजिस्टर फार देखणं होतं. एकच शाई, एकच वळण, एकाही दिवसाचा खंड नाही. जुलैतसुद्धा आकडे! जुलैत तिकडं एक होडी पाण्यात नसते. मी पत्र घातलं. उत्तर आलं, "महोदया, होडी बंद असली तरी आमचा अंदाज बरोबर असतो." ती सगळी वर्षं मी तांबड्या शाईनं बाद केली. एक मात्र शिकले. खोट्या आकड्यांना एक टापटीप असते. खरा आकडा अडखळतो, परत परत तोच येतो, मध्येच गायब होतो आणि का गायब झाला ते सांगतो.

खारवण्याचं रजिस्टर असं होतं. खारवणे हे दक्षिण कोकणातलं लहानसं बंदर. तिथं काशिनाथ तांडेल नावाचा खलाशी दर पंधरवड्याला थाळी सोडायचा, स्वातंत्र्याच्या आधीपासून. शेऱ्याच्या रकान्यात तो काय काय लिहायचा! 'आज पाणी चहासारखे. वर डोंगरात पाऊस.' 'जेलीमाशांमुळे थाळी नीट दिसली नाही, उद्या परत सोडीन.' 'थाळी हरवली. माशाने नेली नाही, गाठ माझीच सैल होती.' दुपारचा डबा खाताना मी ते शेरे वाचत बसायची. तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. पण खारवण्याला ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो आणि दिवाळीनंतर पाणी कसं निवळतं, ते मला माहीत होतं.

पुढं रजिस्टरांऐवजी दर पंधरवड्याला पोस्टकार्ड येऊ लागलं, थेट नागपूरला. त्यावर तारीख, वेळ, आकाश, भरती, आकडा आणि खाली सही, का. रा. तांडेल. शेरे मात्र कमी झाले होते. म्हातारा थकला असेल, असं मला वाटलं.

चौऱ्याहत्तर साली साहेबांनी खारवण्याचा सगळा आलेख मागितला. तो काढताना मी चक्रावले. अडुसष्टच्या दिवाळीपर्यंत आकडे एका पट्ट्यात चाललेले, आणि तिथून एकदम वर. फॅदम हे खोलीचं जुनं दर्यावर्दी माप; जिथं अडीच फॅदम यायचे तिथं तीन. पाणी एका रात्रीत स्वच्छ झालं? असं होत नसतं. पाणी बिघडायला एक पूर पुरतो. सुधारायचं तर हळूहळू सुधारतं.

साहेब म्हणाले, "एक तर दोर बदलला, नाहीतर माणूस घरी बसून लिहायला लागला. तुम्ही जाऊन बघून या."

मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून बोट घेणारे घेत, पण मला पाण्याची धास्ती. मी एसटीनं गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका वळणावर आली आणि उजव्या हाताला समुद्र दिसला. मला वाटत होतं मी ओरडेन, रडेन, काहीतरी करीन. मी काहीच केलं नाही. शेजारच्या बाईला एवढंच विचारलं, "हे सगळं पाणीच आहे ना?" ती म्हणाली, "मग काय तां?"

खारवण्यात काशिनाथ तांडेलचं घर विचारलं तर लोक माझ्याकडे बघत राहिले. शेवटी एका मुलीनं मला माडांमधून एका घरासमोर नेऊन सोडलं. पडवीत पन्नाशीची एक ठेंगणी बाई जाळं शिवत होती.

"काशिनाथ तांडेल आहेत का? मी नागपूरहून आले."

तिच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. "नागपूरसून? कार्डां जातत थंयसून?"

"हो."

तिनं मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि समोर बसून म्हणाली, "ह्येंका जावन सा वर्सां झाली, बाय."

मी मनातल्या मनात आलेखावरची ती उडी पाहिली. अडुसष्टची दिवाळी.

"मग कार्डं कोण लिहितं?"

"मी लिवतंय. चौथी शिकलंय मी." तिचं नाव सुलोचना. ती न घाबरता बोलत होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "जाताना म्हणाले, थाळयेचो खंड पाडू नको. सरकारचां काम तां, पण दर्याचां पण काम. मी म्हटलां, बरां. कार्डार त्येंचा नाव घालीत इलंय. कागद त्येंच्या नावान येता, माझ्या नावान कोण घेतलो?"

"पण थाळी तुम्ही स्वतः सोडता?"

"मग? दीर होडी वल्हयता, मी सोडतंय. माका दिसता तितक्याच लिवतंय. जास्ती नाय, कमी नाय." मग तिनंच विचारलं, "काय चुकलां काय?"

मी म्हटलं, "उद्या मला दाखवाल?"

सकाळी आम्ही होडीतून गेलो. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. पाण्याची धास्ती गेली नव्हती, पण डोळे मिटायला मन होत नव्हतं. सुलोचनाबाईंनी थाळी सोडली. ती पांढरीची हिरवी झाली, हिरव्याची सावली झाली आणि गेली. त्यांनी दोर धरला, वर ओढली, दिसल्यावर पुन्हा धरला. एकदम चोख. मग भिजलेला दोर त्या मोजू लागल्या. दोन्ही हात आडवे पसरायच्या, छातीवरून दोर ताणायच्या आणि म्हणायच्या, "एक वाव. दोन वाव."

मी म्हटलं, "थांबा. दोरावर खुणा नाहीत?"

"खुणा कित्याक? वाव हा मा. ह्यो." त्यांनी पुन्हा हात पसरले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. छापील फॉर्मवर रकान्याचं नाव होतं फॅदम. फॅदम म्हणजे सहा फूट असं धरून आम्ही नागपूरला वर्षानुवर्षं गुणाकार केला होता. काशिनाथनं मात्र पहिल्या दिवसापासून वाव लिहिला होता, म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. तो गेला, आणि वाव मोजणारे हात बदलले.

"काशिनाथ उंच होते का?"

सुलोचनाबाई हसल्या. "दारात वाकूक लागी त्येंका. मी त्येंच्या खांद्याक पण लागत नाय होतंय."

पाणी तेवढंच होतं. हात आखूड झाले म्हणून आकडा वाढला होता. पण हे साहेबांना सांगायचं तर पुरावा हवा. सुलोचनाबाईंचा वाव मी तिथल्या तिथं टेपनं मोजला: चार फूट दहा इंच. गेलेल्या माणसाचा वाव कसा मोजायचा? त्याचा जुना सदरा काढून बघितला, त्यावरून काही कळेना. मग मला त्याच्या सगळ्यात जुन्या रजिस्टरचं पहिलं पान आठवलं. तिथं त्यानं स्वतःची ओळख करून द्यावी तसं लिहिलं होतं: 'धक्क्याच्या कठड्यापासून शेवटच्या दगडी पायरीपर्यंत माझे तीन वाव पुरे.'

ओहोटीला आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. दगड जागेवर होते. टेप सोडला. साडेसतरा फूट. तीननं भागलं, पाच फूट दहा इंच. तेवढाच दोर सोडून सुलोचनाबाईंनी तो आपल्या हातांनी मोजला, तेव्हा साडेतीन वाव भरून वर अर्धा हात उरला. मी कठड्यावर बसूनच गणित केलं. त्यांच्या सहा वर्षांच्या आकड्यांना त्या प्रमाणात कमी केलं, की आलेखावरची उडी पार मिटत होती. आधीची आणि नंतरची वर्षं एकमेकांना बिनसांध्याची जुळत होती.

सत्तावीस वर्षांची, एका जागेवरची, एका घराची नोंद. मी इतकी वर्षं तपासलेल्या रजिस्टरांत याहून खरी एकही नव्हती.

नागपूरला येऊन मी साहेबांपुढं सगळं मांडलं, टेपच्या मापांसकट. साहेबांनी ते लक्ष देऊन वाचलं. मधल्या एका पानावर त्यांनी "वा" असंही म्हटलं. मग चष्मा काढून ठेवला.

"रामटेके बाई, काशिनाथ तांडेलपर्यंतची वर्षं आपण घेऊ. तुम्ही मापाचा घोळ सोडवलात, उत्तम. त्यानंतरची सहा वर्षं बाद."

"का, सर? पाणी तर खरं आहे."

"पाणी खरं असेल. सही खोटी आहे. मेलेला माणूस नोंद करत नाही. उद्या कुणी बोट ठेवलं, तर तुमच्या-माझ्या सगळ्या तक्त्यांवरचा विश्वास जाईल."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. पण तेव्हा मी खोडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, ही माझी खंत. मी 'बरं सर' म्हटलं आणि माझ्याच हातानं खारवण्याच्या ओळीत अडुसष्टनंतर लिहिलं, 'नोंद समाप्त'. आणि सुलोचनाबाईंना कचेरीच्या कागदावर पत्र लिहिलं, की श्री. काशिनाथ तांडेल यांच्या नावे यापुढे निरीक्षणे पाठवू नयेत.

त्या संध्याकाळी घरी मी जेवले नाही. बाबा जवळ येऊन बसले. गिरणीच्या कापसानं त्यांना दमा धरला होता. एक वाक्य बोलून ते थांबायचे.

"काहून वं, काय झालं?"

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "मी अकरा वर्सं बदलीवर होतो. लोकायच्या नावावर पाळी भरली. रजिस्टरात नाव थ्यायचं, मागावर हात माये." श्वास घेतला. "थो कपडा खोटा होता का, बेटा?"

बाबा बदली कामगार होते हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

पंधरा दिवसांनी खारवण्याचं कार्ड आलंच. आकडा, वेळ, भरती, आणि खाली गोल अक्षरात: 'तुमचे पत्र मिळाले. त्यांच्या नावाने पाठवू नये असे लिहिले आहे. म्हणून माझ्या नावाने पाठवते. सौ. सुलोचना काशिनाथ तांडेल.' त्यातलं 'सौ.' खोडून पुढं 'श्रीमती' केलेलं होतं.

त्यांना पत्र कळलं नव्हतं, की नीट कळलं होतं, हे मी कधीच विचारलं नाही. आवक-जावकच्या कारकुनानं ते कार्ड टोपलीत टाकण्याआधी मी मागून घेतलं, आणि त्यांना नागपुरातल्या इंदोरा वस्तीतला माझ्या घरचा पत्ता कळवला. एक नवी वही आणली. डाव्या रकान्यात त्यांचे वाव, उजव्या रकान्यात मी काढलेले फूट आणि मीटर. ती बाद झालेली सहा वर्षंसुद्धा मी त्यात उतरवून घेतली. ही सरकारी नोंद नव्हती, माझी होती. दर पंधरवड्याला कार्ड यायचं आणि मी उभ्या उभ्याच आधी शेरा वाचायची, कारण आता शेरे पुन्हा येऊ लागले होते. 'बांगडा भरपूर. पाणी निळे.' 'आज मन नव्हते पण थाळी सोडली.' मी त्यांना आमच्याकडचं लिहायची. भिवापूरच्या मिरच्या पाठवल्या तर त्यांनी लिहिलं, 'तिखट फार. पण सार बरे झाले.'

सत्त्याहत्तर साली प्रयोगशाळेनं कोकणात एक छोटं केंद्र काढायचं ठरवलं. साहेबांनी मला आपणहून बोलावलं. "तुमच्याइतकं त्या किनाऱ्याला इथं कुणी ओळखत नाही. जाता का?" खारवण्यापासून एसटीनं तासाभरावर होतं ते. मी एक दिवस मागून घेतला. घरी बाबा उशाला तीन उशा लावून बसले होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकललंच असतं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही म्हणाले. बाबा पुढं दोन वर्षं होते. ते गेले तेव्हा तिकडची जागा भरली होती. आई म्हणाली, "आता तरी जा जिथं जायचं तिथं." पण मग आई होती.

मी लग्न केलं नाही त्याचं कारण लोक बाबांच्या दम्याला लावतात. ते अर्धंच खरं आहे. काही माणसांचं मन एका जागी राहतं आणि शरीर दुसऱ्या. मी कचेरीतल्या नकाशावर खारवण्यापाशी एक टाचणी टोचली होती. कोकणातल्या केंद्रावर बदलीचे कागद निघाले तेव्हा जाणाऱ्यांनी आपापली कपाटं आवरली, मी ती टाचणी सरळ केली.

ऐंशीनंतर कार्डांवरचे आकडे उतरू लागले. सव्वादोन, दोन, पावणेदोन. शेरे तेच सांगत होते: 'खाडीच्या वर डोंगर फोडत आहेत. खाण. पाणी लाल.' दोन वर्षांनी गावकऱ्यांनी कलेक्टरकडे अर्ज केला, की खाणीचा गाळ खाडीत येतो आणि मासळी गेली. खाणवाल्यानं उत्तर दिलं, इथलं पाणी पहिल्यापासून असंच आहे, वेगळं होतं याचा पुरावा द्या. विचारणा फिरत फिरत आमच्याकडे आली: खारवण्याची काही नोंद आहे काय?

पुराणिक साहेब तोवर निवृत्त झाले होते. नवे साहेब, देवगडे, तरुण होते. त्यांनी तक्ता काढला आणि म्हणाले, "ही तर अडुसष्टला संपते. खाणीच्या आधीची बारा वर्षं कोरी. याचा काय उपयोग?"

मी म्हटलं, "सर, मला जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊ द्या."

वही आणली. पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. धक्क्याच्या मापाचा कागद आणला. सहीचा प्रकार काय होता तेही काही न लपवता सांगितलं. देवगडे साहेबांनी दोन दिवस घेतले. त्यांनी कार्डांवरचे पोस्टाचे शिक्के तारखांशी ताडून पाहिले. मग एका माणसाला खारवण्याला पाठवून सुलोचनाबाईंच्या शेजारी बसून, खुणा केलेल्या दोरानं पाच वेळा थाळी सोडायला लावली. पाचही वेळा आकडे जुळले. अहवालात त्यांनी वाक्य घातलं, की पहिली सहा वर्षं सही पतीच्या नावाची असली तरी निरीक्षक एकच आहे, आणि सर्व वर्षांपुढं निरीक्षक म्हणून तिचं नाव छापलं: श्रीमती सुलोचना का. तांडेल.

खाण बंद झाली नाही. गाळ अडवायला बंधारे घालावे लागले, आणि पावसाळ्यात काम थांबवायचं ठरलं. पाणी थोडं सुधारलं. मासळी थोडी परतली. गावाचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. अहवालाचं ते पान मी त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं: 'नाव बरोबर छापले आहे. पाणी दोन वाव.'

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर एक कार्ड आलं, अक्षर तिरकं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. 'आज दीड वाव. पण दीर म्हणतो त्याला अजून दिसत होती. माझ्या डोळ्यात सारा पडला आहे, धूसर दिसते. या महिन्यापासून माझा आकडा धरू नये.'

मी किती रजिस्टरं तपासली असतील! स्वतःचा आकडा स्वतः बाद करणारं माणूस मला तेवढंच भेटलं. मी वहीत ते कार्ड जसंच्या तसं चिकटवलं, खाली रेघ मारली, आणि रजेचा अर्ज दिला.

खारवण्याला पोचले तेव्हा सुलोचनाबाई पडवीतच होत्या. मी हाक मारायच्या आत पावलावरून म्हणाल्या, "नागपूरची बाय इली." डोळ्यांच्या ऑपरेशनचं मी काढलं. त्या म्हणाल्या, "बघूया. घाई काय हा?" दोन दिवस मी राहिले. निघायच्या दिवशी साडेचारची एसटी धक्क्यासमोरूनच जायची, तिच्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशी सकाळची. आम्ही तीन वाजताच जाऊन कठड्यावर बसलो.

बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी कसां दिसता गो?"

मी म्हटलं, "थाळी आणली असती तर सांगितलं असतं."

"थाळी नको. असांच सांग."

मी पाण्याकडे बघितलं. सव्वीसपैकी बावीस वर्षं झाली होती तोवर मला या कामात, आणि माझ्याकडे शब्द नव्हता. मी म्हटलं, "आमच्याकडे नरखेडला माझ्या मैत्रिणीच्या संत्र्याच्या बागेत विहीर आहे. दुपारी तिच्यात वाकून बघितलं की तळाशी आभाळ हलतं. तसं काहीसं."

"तां विहिरीचां," त्या म्हणाल्या. "दर्याचां सांग."

मी पुन्हा बघितलं. कडेला, खडकापाशी, ते पिवळसर होतं. थोडं पुढं काचेच्या बांगडीसारखं हिरवं. मी तसं सांगितलं. "फुडे?" त्या म्हणाल्या. पुढं एक पट्टा होता, त्याला काय म्हणावं ते मला कळेना. मी डोळे बारीक केले, एक रंग सांगितला, मग नाही म्हटलं, दुसरा सांगितला. त्या मान हलवत ऐकत होत्या, मध्येच "होय, दिवाळीफुडे असांच आसता" म्हणत होत्या.

साडेचारची गाडी आली. धक्क्यासमोर थांबली. दोन बायका उतरल्या. कंडक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "येताय काय हो?"

सुलोचनाबाई म्हणाल्या, "जा गो, गाडी जायत."

"पट्ट्याच्या पलीकडचं सांगायचं राहिलंय," मी म्हटलं, आणि कंडक्टरला हातानं पुढं जायची खूण केली.